अवधानाचा चातुर्मास

इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ते श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात. ती गोष्ट म्हणजे अवधान. श्रोत्यांनी तेवढे दिले, म्हणजे ते सर्व सुखाला पात्र होतील, असे आश्वासन ते देतात. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याकडे मागावे असे याहून मोठे दान आजही दुसरे नाही. वर्गात शिक्षक तेच मागतो, घरात आई तेच मागते आणि पुस्तकाचे पान उघडले की ग्रंथकारही तेच मागतो.

सांप्रत मात्र या दानासाठी दारी उभे राहणारे आणखीही काही याचक निर्माण झाले आहेत. ते आपल्या खिशातच राहतात, दिवसातून शेकडो वेळा हाक मारतात, आणि आपण दिलेले अवधान तिसऱ्याच माणसाला विकतात. समाजमाध्यमे या नावाने आपण त्यांना ओळखतो. त्यांचे कार्य कसे चालते, त्यांत आपले काय जाते आणि त्यांच्यावाचून काही काळ राहता येते काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजले आहे. या विषयात आम्ही स्वतः निर्दोष नाही, ही कबुली आरंभीच दिलेली बरी. कारण ज्याने ठेच खाल्ली आहे, त्यानेच वाटेतील दगड दाखवावा.

अवधान म्हणजे काय?

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा मानसशास्त्राची तत्त्वे हा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. त्यातील अवधानावरील प्रकरणात त्याने असे प्रतिपादिले आहे की, भटकलेले लक्ष स्वेच्छेने पुनःपुन्हा परत आणण्याची शक्ती हेच विवेकाचे, चारित्र्याचे आणि इच्छाशक्तीचे मूळ होय. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हाच प्रश्न आहे. मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुन करतो. आणि अभ्यास व वैराग्य या दोन उपायांनी ते आवरता येते, असे उत्तर श्रीकृष्ण देतो. दोन देश, दोन काळ. परंतु निदान एकच. मन भटकते हा दोष नव्हे, तो मनाचा स्वभावच आहे. त्याला परत आणण्याची सवय मोडणे, हा मात्र दोष होय.

एकाच वेळी दोन कामे करता येतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासण्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. घड्याळ समोर ठेवा. कागदावर प्रथम 'क' पासून 'ञ' पर्यंतची दहा अक्षरे लिहा आणि त्यांच्याखाली १ ते १० हे अंक लिहा. किती सेकंद लागले ते टिपून ठेवा. आता दुसऱ्या कागदावर क, मग १, मग ख, मग २, अशा क्रमाने एक अक्षर व एक अंक आळीपाळीने लिहा. अक्षरे तीच, अंक तेच, हातही तोच. परंतु वेळ अधिक लागतो आणि मध्येच हात अडखळतो. आमच्या वर्गातील चपळ मुलेही दुसऱ्या खेपेला मागे पडली. याचे कारण असे की, मन दोन कामे एकदम करीत नाही. ते एका कामावरून दुसऱ्यावर उडी घेते, आणि प्रत्येक उडीला थोडी किंमत मोजावी लागते.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली या किमतीचा आणखी एक भाग दाखवून दिला. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो आणि दुसरे काम त्या मानाने उणे होते. भूमितीचे प्रमेय सोडवताना एक निरोप पाहिला, तर त्या निरोपाला लागणारी दहा सेकंदेच खर्ची पडली असे नव्हे. निरोपाचा अवशेष घेऊन आपण प्रमेयाकडे परततो. ताकाचे भांडे न धुता त्यातच दूध ओतावे, त्यातला हा प्रकार.

नवे याचक

आम्ही शाळेत शिकत होतो त्या वेळी, म्हणजे २००४ साली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फेसबुकचा जन्म झाला. पाठोपाठ २००५ मध्ये यूट्यूब, २००६ मध्ये ट्विटर, २००९ मध्ये व्हॉट्सॲप आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले. आपल्याकडे खेड्यापाड्यांत त्यांचा खरा शिरकाव झाला तो २०१६ नंतर. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले, आणि पूर्वी महिनाभर जपून वापरण्याची वस्तू रोज सढळ हाताने वापरता येऊ लागली.

यातील बहुतेक माध्यमांसाठी आपण एक पैसाही मोजत नाही. असे असता फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम विकत घेण्यासाठी शंभर कोटी डॉलर, आणि २०१४ साली व्हॉट्सॲप घेण्यासाठी सुमारे एकोणीसशे कोटी डॉलर देऊ केले. फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूला एवढे मोल कोण देईल? बाजाराचा साधा न्याय असा की, विकणारा ज्याचे पैसे घेतो तोच विक्रीचा माल. या कंपन्यांचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींचे आहे. जाहिरातदाराला आपली नजर हवी असते. माध्यम ती गोळा करते आणि त्याला पुरवते. आपण पडद्यासमोर जितके अधिक थांबू, तितका माल अधिक. यात कोणी दुष्टपणा करीत असेल वा नसेल; परंतु ज्या दुकानाचा नफा आपल्या थांबण्यावर अवलंबून आहे, ते दुकान आपल्याला "आता पुरे, घरी जा," असे कधीही सांगणार नाही.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने हे सारे घडण्यापूर्वीच, १९७१ साली, एक मार्मिक विचार मांडला होता. माहिती ही अवधान खाऊन जगते. म्हणून जेथे माहितीची रेलचेल होते तेथे अवधानाचे दारिद्र्य येते, असा त्याचा आशय होता. पुढे १९७८ साली सायमन यास अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. धान्य मुबलक झाले म्हणून पोटाचा आकार वाढत नाही. तद्वत् माहिती मुबलक झाली म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत.

यंत्रातील युक्ती

विहिरीत सोडलेली कळशी भरली की आपण ती वर ओढतो. पुस्तकाचे प्रकरण संपले की आपण मान वर करतो. प्रत्येक कामात असा एक विसावा असतो, आणि त्या विसाव्याच्या क्षणी "आता काय करावे?" असा प्रश्न मन स्वतःला विचारते. अझा रास्किन या अमेरिकन आरेखकाने २००६ साली अशी एक योजना तयार केली की, पडद्यावरील पान कधी संपूच नये. बोट सरकवत जावे आणि खालून नवा मजकूर येत राहावा. वाचकाची सोय व्हावी, हाच त्याचा हेतू होता. परंतु विसावाच नाहीसा झाल्यामुळे प्रश्न विचारण्याची वेळही नाहीशी झाली. पुढे रास्किन याने आपल्या या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

दुसरी युक्ती याहून जुनी आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दाणा मिळावा, अशी पेटी त्याने केली होती. दाणा ठरावीक हिशेबाने मिळतो तेव्हा कबुतर दाणा मिळाल्यावर काही वेळ थांबते. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर ते न थांबता चोच मारीत राहते. फर्स्टर व स्किनर यांचा या विषयावरील ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपले बोटही असेच चालते. दहा वेळा मोबाईल उघडला तर नऊ वेळा काहीच नसते. दहाव्या वेळी मित्राचा निरोप असतो, अथवा आपल्या छायाचित्राला कोणी पसंती दिलेली असते. फेसबुकने पसंतीचा अंगठा २००९ साली आणला. तो दहावा दाणा केव्हा पडेल हे ठाऊक नसते, म्हणूनच उरलेल्या नऊ चोची आपण मारतो.

ग्लोरिया मार्क या संशोधिकेने माणसे पडद्यावरील एका गोष्टीवर किती वेळ लक्ष ठेवतात, याची अनेक वर्षे मोजदाद केली. २००४ मध्ये हा काळ सरासरी अडीच मिनिटे होता; अलीकडच्या वर्षांत तो सुमारे ४७ सेकंदांवर आला आहे, असे तिने २०२३ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. ४७ सेकंदांत दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आपली गोष्ट नीट सुरूही करता येत नाही.

आमची चूक

या शेवटच्या वाक्याशी आमचा स्वतःचा संबंध आहे, म्हणून तो सांगणे प्राप्त आहे.

आमच्या घरची बोली कोकणी. आमचे मूळ घर गोव्यात, तिसवाडी तालुक्यात, खाडीकाठी. तेथे खाजण शेती असते. खाडीचे खारे पाणी थोपवण्यासाठी बांध घातलेला असतो आणि बांधाला एका ठिकाणी लाकडी दाराची मोरी असते. तिला तेथे मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने तेच दार उघडते आणि शेतातील पाणी बाहेर जाते. माणसाने रात्री जागत बसावे लागत नाही. चंद्र, खाडी आणि लाकडाची एक फळी मिळून हे काम करतात. अशा जमिनीत खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात पिकते. आमच्या वडिलांनी ही शेती आपल्या हातांनी केली होती.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही सुटीसाठी घरी गेलो होतो. संध्याकाळी वडील सोप्यावर बसले होते. बोलता बोलता त्यांनी आरंभ केला, "त्या वर्सा बांद फुटलो तेन्ना..." त्यांच्या लहानपणी एका पावसाळ्यात बांध फुटला होता आणि सारा गाव रात्रभर राबला होता, एवढे आम्हाला ऐकून ठाऊक होते. त्या रात्री प्रत्यक्षात काय घडले, हे त्यांनी पूर्वी कधी सांगितले नव्हते. आम्ही "हूं" म्हणत होतो. परंतु हातात मोबाईल होता आणि कोणा परक्या माणसाशी चाललेल्या एका निरर्थक वादात आम्ही उत्तर लिहीत होतो. वडील काही वाक्ये बोलले. मग थांबले. आम्ही मान वर केली तेव्हा ते म्हणाले, "बरें, मागीर सांगतां." त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्याच वर्षी श्रावणात ते वारले. नंतर समाचाराला आलेल्या एका वृद्ध शेजाऱ्यांनी आम्हाला विचारले, "बांद फुटलेली काणी ताणें तुमकां सांगल्या न्ही?" बांध फुटल्याची गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली आहे ना, असा त्या प्रश्नाचा अर्थ. आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या वादासाठी आम्ही ती गोष्ट गमावली, तो वाद कोणाशी होता आणि कशावरून होता, हेदेखील आज आम्हाला आठवत नाही.

चातुर्मासाचा नेम

आपल्या आज्या-पणज्या चातुर्मासात एखादा नेम धरीत. कोणी कांदा-लसूण सोडी, कोणी एकवेळ जेवी, कोणी आवडीची एखादी भाजी वर्ज्य करी. सोडलेली वस्तू वाईट असे असे नाही. परंतु आपल्यावाचून तिचे अडत नाही आणि तिच्यावाचून आपलेही अडत नाही, हे चार महिन्यांत कळून येई. गांधीजी सोमवारी मौन पाळीत आणि आवश्यक ते चिठ्ठीवर लिहून देत. वाणीचे त्यांना वावडे नव्हते. वाणी आपल्या ताब्यात आहे की नाही, हे ते दर आठवड्याला पडताळून पाहत, असे आम्हाला वाटते.

हाच मार्ग आम्ही धरला. १७ जुलै २०२४ रोजी आषाढी एकादशी होती. त्या दिवशी फेसबुक व इन्स्टाग्राम येथील आमची खाती बंद केली. व्हॉट्सॲप पूर्णपणे सोडणे शक्य नव्हते, कारण शाळेच्या सूचना तेथेच येतात. म्हणून शाळेचा एक गट ठेवून बाकीच्या गटांतून निघालो आणि तो गट सायंकाळी सहा वाजता एकदाच पाहण्याचे ठरवले. १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीपर्यंत, दोन्ही दिवस धरून एकूण ११९ दिवस, हा नेम चालला.

पहिला आठवडा लाजिरवाणा गेला, हे सांगण्यात संकोच नाही. बसची वाट पाहताना, वर्गातून शिक्षकांच्या खोलीत येताना, दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभे असताना हात आपोआप खिशाकडे जाई. तेथे काही नाही हे ठाऊक असूनही जाई. आपल्या हाताला आपली आज्ञा विचारण्याची सवय राहिलेली नाही, हे तेव्हा उमगले. तिसऱ्या आठवड्यापासून हात शांत झाला. एका नातलगाच्या साखरपुड्याची वार्ता मात्र आम्हाला आठ दिवस उशिरा कळली आणि त्यावरून बोलणीही खावी लागली. हा तोटा खरा होता. तो लपवून नेमाची थोरवी सांगणे योग्य नव्हे.

लाभही सांगतो. दोन वर्षे अर्धवट पडलेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आम्ही सलग वाचून पुरे केले. उत्तरपत्रिका तपासताना पूर्वी बेरजेच्या चुका होत. त्या जवळजवळ थांबल्या. बेळगावच्या पावसाचे निरनिराळे आवाज पुनः कानी येऊ लागले. आणि दिवाळीच्या सुटीत गोव्याला गेलो असता त्या वृद्ध शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. मोबाईल घरीच ठेवला होता. त्यांनी तीन तास सांगितले: फुटलेल्या भगदाडात माती टिकत नव्हती म्हणून माणसांनी आधी काय टाकले, कोण छातीभर पाण्यात उभा होता, पहाटेच्या ओहोटीची वाट कशी पाहिली. आम्ही सारे वहीत लिहून घेतले. परंतु ते बांधाच्या एका टोकाला होते आणि आमचे वडील, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे, कंदील घेऊन दुसऱ्या टोकाला होते. त्या टोकाला काय घडले, हे सांगणारे आता कोणी नाही. वहीतील ते पान आम्ही कोरे ठेवले आहे.

पूर्वपक्ष आणि उत्तर

कोणी म्हणेल, हा एका माणसाचा अनुभव झाला. त्यावरून सिद्धांत कसा बांधावा? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. फेसबुक वापरणाऱ्या काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे खाते बंद ठेवण्यास सांगितले आणि इतरांशी त्यांची तुलना केली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खाते बंद ठेवणाऱ्यांना दररोज सरासरी सुमारे एक तास मोकळा मिळाला. त्यातील काही वेळ त्यांनी मित्र व कुटुंबीय यांच्या सहवासात घालवला. त्यांच्या समाधानात वाढ झाली, मात्र ती मर्यादित होती. बातम्यांविषयीचे त्यांचे ज्ञान थोडे घटले. आणि विशेष म्हणजे प्रयोग संपल्यावरही पुष्कळांनी पूर्वीइतका वापर पुनः सुरू केला नाही. म्हणजे लाभ आहे, तोटाही आहे, आणि चमत्कार नाही.

दुसरा आक्षेप आपल्या समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आपण सीमाभागातील मराठी माणसे. कोणाचा भाऊ पुण्यास, कोणाची बहीण बडोद्यास, कोणाचे आजोळ गोव्यात. या माध्यमांनी दूरची माणसे जवळ आणली, मराठी पुस्तके व व्याख्याने घरबसल्या पोहोचवली, आणि २०२० च्या महामारीत शाळा बंद असताना पाठही त्यांच्याच आधारे चालले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बहिणीशी अर्धा तास फोनवर बोलणे आणि अर्धा तास अनोळखी लोकांच्या रील पाहणे, या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रावर होतात म्हणून त्या एक ठरत नाहीत. विळीने भाजी चिरता येते आणि बोटही चिरते. म्हणून आपण विळी फेकत नाही, पण उघडी टाकूनही ठेवत नाही.

तिसरा आक्षेप असा की, हे सरकारचे काम आहे. सरकारेही जागी होत आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली असून, मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. तथापि कायदा दार लावू शकतो. आत बसून वाचायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

गावाचा भोंगा

आपल्या जवळच्याच दोन गावांची उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे आणि दीड तास मुलांनी अभ्यास, मोठ्यांनी वाचन अथवा गप्पा, असा नियम ग्रामस्थांनी आपण होऊन स्वीकारला. बेळगावनजीकच्या हलगा गावानेही डिसेंबर २०२४ मध्ये सायंकाळी सात ते नऊ असा उपक्रम सुरू केला.

या उपक्रमांतील मर्म असे की, नियम एकट्या मुलासाठी नाही. बाप मालिका पाहत आहे, आई निरोप वाचत आहे आणि मुलाला मात्र पुस्तकाकडे पिटाळले जात आहे, असे झाले म्हणजे मूल अभ्यास शिकत नाही, केवळ अन्याय शिकते. पालकांनी हा लेख वाचला असेल, तर हे वाक्य त्यांच्यासाठी आहे, आणि आम्हा शिक्षकांसाठीही.

काय करावे?

सर्वांनी सर्व काही सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या अनुभवातून उतरलेले पाच नियम येथे देतो.

१. प्रथम एक आठवडा केवळ मोजावे. मोबाईलमध्येच रोजच्या वापराचा हिशेब मिळतो. तो वहीत लिहावा. कोणाला दाखवण्याची गरज नाही.

२. ठरावीक मुदतीचा नेम करावा. "यापुढे कधीच नाही" ही प्रतिज्ञा तीन दिवसांत मोडते. "दिवाळीपर्यंत नाही" ही टिकते.

३. सोडलेल्या जागी काहीतरी ठेवावे. रिकामी वेळ शून्य राहत नाही. जुनी सवयच तेथे परत येऊन बसते. एखादे पुस्तक, कॅरम, पेटी-तबला, अंगणातील चार झाडे, काहीही चालेल.

४. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पालथा करून बाजूला ठेवणे पुरेसे नाही. मोह हाताच्या अंतराबाहेर असावा.

५. जेवताना, आणि घरातील वडील माणूस बोलत असताना, यंत्र हातात घेऊ नये. बाकीचे चार नियम मोडले तरी हा मोडू नये, अशी आमची विनंती आहे.

साधे राहणे याचा अर्थ दरिद्री राहणे असा नाही. जे नको ते कमी करून, जे हवे त्याला पुरेशी जागा देणे म्हणजे साधेपणा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. तुरुंगवास कोणाच्या वाट्याला येऊ नये. परंतु आईच्या आठवणींना त्यांनी ते पाच दिवस संपूर्णपणे दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि त्याहूनही आधी, आई बोलत होती तेव्हा लहानपणी त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले होते. न ऐकलेले पुढे कोणालाच लिहिता येत नाही.

नेम संपल्यावर आम्ही फेसबुक व इन्स्टाग्राम पुनः उघडले नाही. व्हॉट्सॲप आजही सायंकाळी सहा वाजताच पाहतो. कधी नियम चुकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुनः धरतो. भटकलेल्या मनाला परत आणावे लागते, तसेच मोडलेल्या नियमालाही.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक घरी न्याल तेव्हा एक गृहपाठ करा. त्याला गुण नाहीत आणि तो आम्ही तपासणारही नाही. आजोबा, आजी, काका, शेजारी, जो कोणी वडील माणूस जवळ असेल, त्याच्यापाशी मोकळ्या हातांनी बसा आणि त्याला एक प्रश्न विचारा: "तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा काय घडले होते?" मग मध्ये न बोलता ऐका. गोष्ट संपेपर्यंत उठू नका. "मागीर सांगतां" असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका.